नाकाबंदी तोडून गाडी पळाली, आता मागे लागायचं का?

चोपड्याच्या एका तरुण वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. नाकाबंदीत न थांबता कोणी गाडी पळवली तर पोलिसांनी सुसाट मागे लागावं का? नाही लागले, तर उद्यापासून सगळेच पळणार नाहीत का? आणि रात्री आडरस्त्यावर कोणी ‘पोलीस आहोत’ म्हणत हात केला तर आपण थांबायचं की नाही? माझी बरीचशी नोकरी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत गेली, काही स्थानिक गुन्हे शाखेत (एलसीबी), काही महामार्गावर. पळणारे आणि मागे लागणारे, दोघंही जवळून पाहिले आहेत.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. तो पळाला, एवढ्यावरून मागे लागू नये. तो पळण्याआधी आपल्याला त्याच्याबद्दल काय माहीत होतं, त्यावर ठरवावं. गाडीत पळवून नेलेलं माणूस आहे, कोणाला भोसकून आत्ताच निघालाय, किंवा गाडीत हत्यारं आहेत आणि खबर पक्की आहे, तर मागे लागावंच लागतं. तिथे न लागणं म्हणजे पुढच्या माणसाचा जीव धोक्यात घालणं. बाकी सगळ्यांसाठी नंबर, रंग, बनावट आणि दिशा वायरलेसवर टाकावी, पुढे अडवावं, नाहीतर सकाळी त्याच्या घरी जावं.

आता खान्देशात रात्री नाक्यावरून पळतं कोण? चित्रपटातला दरोडेखोर क्वचित. लायसन नसलेली, ट्रिपल सीट बसलेली पोरं असतात. लग्नातून पिऊन परतणारे असतात. सुरत महामार्गाने किंवा मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडून गुटखा आणणारा पिकअप असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. नवापूरकडे उलटा माल, म्हणजे दारूबंदीच्या गुजरातेत जाणारे खोके. आणि गिरणा, तापी, पांझरेकाठी वाळूचे ट्रॅक्टर आणि डंपर. एकदा शेताच्या बांधावर पडलेल्या एका पोराला उठवून विचारलं, “कसाले पयना रे?” म्हणजे का पळालास. खरचटलेला हात पोटाशी धरून म्हणाला, “लायसन नही साहेब, म्हनीसन पयनू.” लायसन नाही म्हणून पळालो. मोटारसायकल काकाची होती. दंड काकाला कळेल याची भीती त्याला आमच्यापेक्षा जास्त होती. पळणाऱ्यांपैकी बहुतेकांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असते, आणि हे मागून दिव्यांकडे बघत गाडी हाणताना कळत नाही. आपल्याला वाटतं, पळतोय म्हणजे काहीतरी मोठं आहे.

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की आत काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्याला ते दिसत नाही. ड्रायव्हर हवालदाराचे डोळे पुढच्या दोन लाल दिव्यांवर चिकटतात. बाजूचे फाटे, कडेची माणसं, रस्त्यावरचा खड्डा, सगळं नजरेतून गळतं. सायरनमुळे वायरलेस ऐकू येत नाही, म्हणून कोणीतरी सायरन बंद करतं. मग पुढच्या गावाला आपण येतोय हे कळायचा मार्गच राहत नाही. कंट्रोल रूम विचारते, “लोकेशन द्या, लोकेशन.” शेजारी बसलेला अधिकारी ओरडतो, “पुढेच आहे, पुढेच आहे!” पुढे म्हणजे कोणत्या गावाजवळ, हे गाडीतल्या कोणालाच सांगता येत नाही, किलोमीटरचा दगड वाचायला कोणाचं लक्ष नसतं. मागचा शिपाई पट्टा न लावता दोन्ही हातांनी सीट धरून बसलेला. पाच-सात मिनिटं गेली की मूळ कारण विसरलं जातं. हेल्मेट होतं का गुटखा होता, कोणाला आठवत नाही. हा आपल्या हातून निसटतोय, एवढंच डोक्यात उरतं. गाडी अडवल्यावर बसणारी पहिली थप्पड बहुधा त्या चिडीची असते, गुन्ह्याची नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की पाठलाग चालू ठेवायचा की सोडायचा, हे त्या गाडीत बसलेल्याने ठरवू नये. ब्रिटनमध्ये पाठलाग सुरू झाला की लगेच कंट्रोल रूमला कळवावं लागतं. तिथे शांत डोक्याने बसलेला अधिकारी परवानगी देतो किंवा काढून घेतो, आणि ठरावीक प्रशिक्षण झालेल्या चालकालाच पुढे जाऊ देतात. आपल्याकडे बोलेरो चालवणारा हवालदार रस्त्यावरच तयार होतो. त्याचा हात पक्का असतो, यात शंका नाही. पण ताशी शंभरने दुसऱ्या गाडीच्या मागे कसं जायचं, केव्हा सोडायचं, हे त्याला कोणी बसवून शिकवलेलं नसतं. कंट्रोलच्या रात्रपाळीच्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारायला हवेत: कशासाठी हवा आहे, रस्त्यावर कोण आहे, नंबर मिळाला का. नंबर मिळाला असेल आणि कारण किरकोळ असेल, तर ‘सोडा आणि परत फिरा’ असा स्पष्ट हुकूम, आणि तो स्टेशन डायरीत नोंदवलेला. नोंद असली की दुसऱ्या दिवशी ‘गाडी सोडली कशी?’ म्हणून हवालदाराला कोणी झापणार नाही. आज तो मागे लागतो याचं निम्मं कारण ही झापाझापीच आहे.

थोडं गणित करू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ५० मीटर तसेच गेले. चांगला कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर असले तरी त्यानंतर थांबायला आणखी ८० मीटर लागतात. एकूण १३०. रात्री डिपरवर दिसतं जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे दिसेल तेव्हा उशीर झालेलाच असतो, ड्रायव्हर कितीही कसलेला असो. ताशी ६० ला हाच हिशेब ४५ मीटरवर संपतो. वेग दुप्पट झाला, थांबायचं अंतर जवळजवळ तिप्पट झालं.

आणि आपल्या रस्त्यावर असतं कोण? रावेर-यावलकडे केळी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. कापसाच्या दिवसांत बैलगाड्या. चैत्रात तर धुळे-मालेगाव रस्त्याने सप्तशृंगी गडावर पायी निघालेली माणसं रात्रभर चालत असतात, ऊन टाळायला मुद्दाम रात्रीच. खांद्यावर झेंडा, पायात स्लिपर, पोरं कडेवर, आणि डांबराच्या कडेची पांढरी पट्टी हीच त्यांची वाट. त्या आठवड्यात त्या रस्त्यावर ऐंशीच्या वर कोणाच्याही मागे लागणं, मग तो खुनी का असेना, मला मान्य नाही. खुनी पुढच्या टोलवर मिळेल.

वाळूच्या ट्रॅक्टरबद्दल वेगळं लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त जीव तिथे टांगणीला लागतो आणि त्याला कोणी ‘पाठलाग’ म्हणत नाही. वेग ताशी तीस-चाळीसच असतो ना, त्यात काय! एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट; ओली असेल तर साडेचार टनांच्या आसपास वजन. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं ओझं ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. वाळूच्या ढिगावर फावडी घेऊन चार पोरं बसलेली, रोजंदारीची. नदीतून वर चढणारा रस्ता तिरका, कडेला खोल नाली. मागून जीपचा उजेड पडला की ड्रायव्हर दिवे घालवतो आणि शिवारात घुसतो. एका बाजूचं चाक नालीत गेलं की ट्रॉली उलटते, आणि वरची पोरं वाळूखाली. ट्रॅक्टरचा मालक त्या वेळी घरी झोपलेला असतो किंवा मोटारसायकलवर पुढे राहून फोनवरून लोकेशन देत असतो. मरतं ते मजुराचं पोर. तलाठी आणि मंडळ अधिकारी तर स्वतःच्या दुचाकीवर या ट्रॅक्टरांच्या मागे जातात, सोबत एखादा कोतवाल. त्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घालण्याचे प्रकार होतात, म्हणजे इथे जीव मागे लागणाऱ्याचाही जातो.

‘ट्रॅक्टरला नंबरच नसतो, सकाळी शोधणार कुठे?’ हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकावा लागला. खरं आहे, नंबर खरवडलेला असतो. पण गावात ट्रॅक्टर मोजके. कोणता कोणाचा हे पोलीस पाटलाला, कोतवालाला, चहावाल्याला, सगळ्यांना माहीत असतं. रात्रीच्या चाकांच्या खुणा सकाळी थेट दारात जातात, ट्रॉलीच्या फटीत ओली वाळू असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये दंडाची आणि वाहन जप्तीची तरतूद आहे. घाटावरच, म्हणजे नदीतून वर येणाऱ्या वाटेवर, आधीच माणसं बसवली तर ट्रॅक्टर उभा असताना पकडता येतो. त्याला कष्ट लागतात, थंडीत तीन तास झुडपात बसावं लागतं. जीप पळवणं त्यापेक्षा सोपं वाटतं, म्हणून तेच होतं.

आता दुसरा प्रश्न. सोडून दिलं तर सगळेच पळतील. ही शंका पोकळ नाही. न्यूझीलंडने २०२० च्या अखेरीस पाठलागावर कडक बंधनं घातली. पळून जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढली, आणि २०२३ मध्ये त्यांनी नियम पुन्हा थोडे सैल केले. म्हणजे ‘कधीच मागे लागणार नाही’ असा बोर्ड लावला तर त्याचा फायदा घेतला जातो, हे मान्य केलं पाहिजे. पण दुसऱ्या टोकाला अमेरिका आहे. तिथे पोलीस पाठलागांत दरवर्षी शेकडो माणसं मरतात, आणि त्यांत ज्यांचा पाठलागाशी काही संबंध नाही असे रस्त्यावरचे लोकही असतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ हा निकाल पाठलागाच्या बाजूचे लोक हमखास दाखवतात. जॉर्जिया राज्यातलं प्रकरण. ताशी ८८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर एक १९ वर्षांचा मुलगा ११७ ने चालला होता. पोलीस मागे लागले, तो पळाला, शेवटी पोलिसांनी मागून धक्का दिला, गाडी कोसळली आणि मुलाचं मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. न्यायालय म्हणालं, त्याच्या गाडीने इतरांना धोका होता, पोलिसाने घटनेचा भंग केला नाही. ठीक. पण धक्का देऊ शकतो आणि द्यायला हवा होता, या दोन गोष्टी मी तरी एक मानत नाही. सुरुवात वेगमर्यादेच्या चलनाने झाली होती, हे विसरू नका.

आपल्या कायद्यात पळणाऱ्याला गाठायला मागे धावण्यापेक्षा चांगली हत्यारं आहेत, फक्त ती कंटाळवाणी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव-पत्ता आणि लायसनची माहिती मालकाने पोलिसांना द्यावीच लागते. हुकूम मोडला म्हणून कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड. धोकादायक चालवली तर १८४, पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगा अल्पवयीन निघाला तर १९९-क प्रमाणे पालक किंवा मालकावर २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. ही नोटीस घरी पोचली की बाप स्वतः पोराला घेऊन ठाण्यात येतो. अशा दहा नोटिसा एका गावात खरोखर गेल्या तर त्या गावातून पळणारे कमी होतात. एखाद्याला पंधरा किलोमीटर पळवून पकडल्याने तसं काही होत नाही. उलट तो आठवडाभर पानटपरीवर हिरो होतो.

दुचाकीबाबत मी सगळ्यात कडक आहे. हेल्मेट, लायसन, ट्रिपल सीट यासाठी दुचाकीच्या मागे अजिबात लागू नये. हँडल धरणं, काठी आडवी घालणं, मागच्या माणसाची कॉलर ओढणं तर नाहीच. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितलं, हेल्मेट नसलेल्यांचा पाठलाग करू नका, कॅमेरा वापरा. त्याच्या आदल्या वर्षी तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ एका अधिकाऱ्याने हेल्मेट नसलेल्या दांपत्याचा पाठलाग करून दुचाकीला लाथ मारली. मागे बसलेली बाई रस्त्यावर पडून दगावली, आणि अधिकाऱ्याला अटक झाली. कायद्यात हेल्मेटचा दंड हजार रुपये आहे. सायरन लावला म्हणून पोलीस चालकाची जबाबदारी माफ होत नाही. हयगयीने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ त्यालाही लागतं. हे नव्या शिपायांना पहिल्याच महिन्यात सांगायला हवं.

मग गंभीर गुन्हेगार निसटला तर? इथे खान्देशचा भूगोलच पोलिसांच्या बाजूने आहे. उत्तरेला सातपुडा, मधून तापी. सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात जाणारे मोठे रस्ते थोडेच. तापीवरचे पूलही मोजकेच आहेत: प्रकाशा, सारंगखेडा, सावळदे, विदगाव, भुसावळ-यावल आणि असे आणखी काही. यावलहून निघालेल्या गाडीला जळगावात यायचं तर पूल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. नंदुरबार-धुळ्यात आणि पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर महामार्ग घाटातून जातो, कोंडाईबारी, लळिंग, बिजासन. शिवाय टोल आहेत: नशिराबाद, सबगव्हाण, सोनगीर, शिरपूर, लळिंग. फास्टॅगमुळे गाडी कोणत्या मिनिटाला कोणत्या लेनमधून गेली हे निघतं. शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे सुटलेली गाडी वीस-पंचवीस मिनिटं एकाच रस्त्यावर असते. हाडाखेडच्या पुढे चढ लागतो. तिच्या मागे १२० ने जाण्यापेक्षा पुढे एक फोन बस्स. राज्याची हद्द संपली म्हणून हात बांधले जात नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ प्रमाणे, विनावॉरंट अटक करता येते अशा आरोपीच्या मागे पोलीस देशात कुठेही जाऊ शकतो. पण सेंधव्याच्या किंवा गुजरातेतल्या उच्छलच्या ठाण्यातला माणूस फोनवर ओळखीचा असेल तर कलमापेक्षा ते लवकर कामी येतं.

त्या घाटरस्त्यावर पुढे अडवणंही डोकं ठेवून करायचं असतं. ४ जुलै २०२३ ला धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसून किमान दहा माणसं गेली. तिथे पाठलाग नव्हता, पण उतारावर सुटलेलं ओझं काय करतं ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. म्हणून उताराच्या तळाशी किंवा वळणाच्या तोंडावर अडवू नका, चढावर अडवा. माणसं बसलेली जीप रस्त्यात आडवी लावू नका. रस्ता पूर्ण बंद करू नका. बॅरिकेड नागमोडी ठेवा, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. शंभर मीटर आधी चमकणारी पट्टी आणि दिवा असावा, शिपाई डांबराच्या बाहेर उभा असावा. अंधारात नुसतं लोखंडी बॅरिकेड टाकून चहाला गेलेली नाकाबंदी मी पाहिली आहे, तिच्यात अडकतो तो दूधवाला. खिळ्यांची पट्टी चारचाकीला चालते, दुचाकीपुढे कधीच टाकू नये. टायरवर गोळी झाडणं चित्रपटापुरतं ठेवा. धावत्या गाडीतून धावत्या टायरला गोळी लागत नाही, ती दुसरीकडे जाते.

शेवटचा प्रश्न, रात्री कोणी हात केला तर. मोटार वाहन कायदा लायसन दाखवायला सांगतो तो गणवेशातल्या पोलिसाला, कलम १३०. पण साध्या कपड्यातलं पथकही खरं असू शकतं, आणि पोलीस असल्याचं सांगून लुटणारेही असतात. त्यामुळे अॅक्सिलेटर दाबून पळू नका, खरं पथक असेल तर तुम्हीच त्यांना मागे यायला कारण देता. वेग तीस-चाळीसवर आणा, चारही इंडिकेटर लावा, खिडकीतून हात काढून ‘पुढे थांबतो’ अशी खूण करा. शेजारच्याला ११२ लावायला सांगा: गाडी नंबर, कोणता रस्ता, कोणत्या गावाजवळ, आणि इथे नाकाबंदी आहे का. मग पहिला उजेड जिथे दिसेल, पेट्रोल पंप, टोल, चालू ढाबा, तिथे थांबा. आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आयकार्ड मागा. चिडतील, आवाज चढवतील, चढवू द्या. आणि एलसीबीच्या माझ्या जुन्या सोबत्यांना एवढंच, की रात्री साध्या कपड्यात रस्त्यावर उतरताना एक तरी गणवेशातला शिपाई आणि वर दिवा असलेली एक गाडी सोबत घ्या.